खाली नाव कोणाचं?

“सारं गाव वावरात गेलेलं पाहून तुमी फळ्याले काळं फासलं! आमच्या तोंडावर काहून नाही आले?”

केशरबाईनं हातातला खडू शालिकरामच्या पायाशी फेकला. शालिकराम तहसील ऑफिसातला शिपाई. हुकूम त्याचा नव्हता, पण हुकूमवाले कधी समोर येतात?

पातूरच्या अलीकडच्या त्या गावात विहाराच्या भिंतीवरचा फळा केशरबाई रोज लिहायची. नळ कधी येणार, रेशन कधी वाटणार, अन् शेवटी एक सवाल. सोमवारचा सवाल होता, ‘विहारातल्या सभेवर बंदी कोणी घातली?’ मंगळवारी सगळ्या अक्षरांवर काळा रंग.

आज शालिकराम तिच्याच नवऱ्याला घेऊन फळ्यापाशी आला होता.

“धर्मपालभाऊ, गावात पेंटर तुमीच. लिहा, ‘येथे लिहिण्यास सक्त मनाई आहे.’”

नाही म्हणावं तर पोलीस ठाणं. विहाराच्या सचिवाला तिथं तीन दिवस बसवलं होतं. धर्मपालनं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

“मले तुमीच अक्षरं शिकवली,” केशरबाई म्हणाली, “आता तुमीच बुजवा.”

त्यानं ब्रश बुडवला. सुबक, टपोरी अक्षरं काढली. मग खडू माखलेला दोरा ताणून खाली एक रेघ मारली अन् ब्रश थांबवला.

“नाव सांगा.”

“कोणाचं?”

“हुकूम देणाऱ्याचं. चाळीस वर्षं झाली, लग्नाचा बोर्ड असो का लिलावाचा, खाली नाव टाकल्याबिगर मी बोर्ड सोडत नाही.”

शालिकरामनं फोन लावला. या साहेबानं त्या साहेबाचं नाव सांगितलं, त्यानं तिसऱ्याचं. तिसऱ्यानं फोनच बंद केला.

“तुमचं टाकू?” धर्मपालनं विचारलं. “मोठ्ठं काढतो.”

“काहून मारता भाऊ? लेकरंबाळं हायेत मले!”

“मंग अधुरा बोर्ड मी ठेवत नाही.”

रंग पुसायच्या टरपेनचा बोळा फिरला. ओली अक्षरं क्षणात गेली. उरली फक्त खडूची रेघ, ठसठशीत.

केशरबाई जवळ गेली. रेघेवर बोट ठेवून हसली.

“अवो, यायच्या रंगावर तं खडू पयल्यापेक्षा छान उठते!”

शालिकरामच्या पायाशी पडलेला खडू तिनं उचलला. रेघेच्या वर सोमवारचाच सवाल पुन्हा लिहिला. वावरातून परतणाऱ्या बाया थांबल्या, मोठ्यानं वाचू लागल्या. केशरबाईनं खडू शालिकरामपुढे धरला.

“नेऊन द्या साहेबाले. रेघेखालची जागा त्याच्यासाठीच ठेवली हाय. कोण लिहिते नाव?”