राक्षसिणीचे केस

मित्रांनो, लांबून पाहाल तर मी काळ्याभोर केसांचा एक जुना टोप आहे, आणि जवळ येऊन पाहाल तर नुसता घायपाताचा वाख, म्हणजे त्याच्या पानांचे चिवट तंतू. भंडारदऱ्याच्या धरणाखालच्या अंगाला एक गाव आहे. तिथे चैत्रात देवीचा बोहाडा होतो. बोहाडा म्हणजे सोंगांचा उत्सव. माणसे मुखवटे चढवतात आणि संबळाच्या तालावर नाचत देवळाभोवती फेरा घेतात. कुणी गणपती होतो, कुणी वाघ होतो. त्यात एक राक्षसीण असते. तिच्या डोक्यावर मी असतो.

मला रंगनाथआबांनी घडवले. बांधावरची घायपाताची पाने कापून त्यांनी ओढ्यात कुजत घातली, मग दगडावर बडवली. तेव्हा मला असा काही वास सुटला होता की शेजारची लंकाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "आबा, राक्षसीन करताय का मेलेली म्हैस?" आबा नुसते हसले. त्यांची मुलगी मनकर्णा तेव्हा लहान होती. ती वाखाचे एक टोक धरून बसायची आणि आबा दुसऱ्या टोकाकडून फणी फिरवायचे. हिरड्याच्या काढ्यात गंजके लोखंड टाकून त्यांनी मला काळे केले. गोणपाटाच्या टोपीवर माझी एकेक बट शिवली आणि हनुवटीखाली बांधायला दोरी लावली. गाठ पक्की हवी, नाचताना टोप पडला तर सोंगाची लाज जाते, असे ते म्हणत.

आमच्या गावात सोंगे घराण्यात चालत येतात. राक्षसीण आबांच्या घरची. एकदा मुखवटा चढला की सोंगाने माणसाचा शब्द बोलायचा नाही, असा नियम आहे. राक्षसिणीने फक्त किंचाळायचे. सुरुवातीच्या वर्षांत काय मजा यायची! हिरवे लुगडे नेसून, हात पसरून आबा गर्दीवर धावून जात. पोरे ओरडत आयांच्या मागे लपत आणि पुन्हा हळूच डोकावून पाहत. मला कुणी हात लावत नसे. घरी आल्यावर आबा मला झटकत, तेलाचे बोट फिरवत आणि खुंटीवर ठेवत.

मग एका वर्षी गर्दीतून कुणीतरी माझी एक बट ओढली. लोक हसले. पुढच्या वर्षी आणखी कुणी ओढली. होता होता तीच रीत झाली. देवांच्या सोंगांच्या पाया पडायचे आणि राक्षसिणीचे केस उपटायचे. मला ओढले की हनुवटीखालची दोरी आबांच्या गळ्यात रुतायची. आबा ओरडायचे. पण राक्षसीण ओरडणारच, असे समजून लोक आणखी हसायचे आणि संबळ आणखी जोरात वाजायचा. मित्रांनो, मला ओढणारी मूठ आणि आबांचा गळा, दोन्ही मला एकाच वेळी कळायचे. गाठ सोडणे मात्र माझ्या हातात नव्हते.

गळ्याला हळद-तेल लावताना मनकर्णा विचारायची, "आबा, पंचांना सांगत का न्हाई?"

"काय सांगू? राक्षसिनीशी लोकं वंगाळ वागत्यात म्हनून?" असे म्हणून आबा हसण्यावारी न्यायचे.

एकोणीसशे सत्तरच्या पावसाळ्यात आबा गेले. दिवसकार्य झाल्यावर मनकर्णाने मला खुंटीवरून काढले. दोरीच्या गाठीत त्यांचा एक पांढरा केस अडकला होता. तो तिने तसाच ठेवला. मला मांडीवर घेऊन ती बराच वेळ फणी फिरवत बसली. दुसरे टोक धरायला आता कुणी नव्हते.

आबांना मुलगा नव्हता. त्यामुळे राक्षसीण घरजावयाकडे, मनकर्णाच्या नवऱ्याकडे आली. भीमा चांगला धिप्पाड गडी. पहिल्या वर्षी तो मोठ्या हौसेने सजला. "आबांचं सोंग हाय. गाव हादरलं पायजे," असे म्हणतच बाहेर पडला.

गाव हादरले नाही, तुटून पडले. कुणी मला ओढले, कुणी लुगड्याचा पदर ओढला, कुणी बाभळीचा काटा टोचला. काही हात तर असे होते की त्यांना केसांशी काही घेणेच नव्हते. भीमा किंचाळला की हशा पिकायचा आणि संबळ चढायचा. देवळाच्या पायरीशी तो कोलमडला तेव्हा कुठे त्याचा फेरा संपला.

घरी येऊन त्याने मला कोपऱ्यात भिरकावले.

"हे माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. पंचांना सांगतो, सोंग दुसऱ्या घरी द्या."

मनकर्णाने हळद-तेलाची वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"हसशील तू. एवढा बाप्या गडी मी, पन कुठं कुठं हात लावले लोकांनी, तुला सांगाया जीभ उचलंना."

"नका सांगू. मला ठावं हाय," मनकर्णा म्हणाली. "बाजारच्या दिशी आमी बाया कोपरं भाईर काढून का चालतो, काय वाटलं तुमाला?"

भीमा तिच्याकडे वळला. "मला बोलली न्हाईस कधी."

"बोलले हुते की. लगीन झालं त्या साली. तुमी म्हनला, गर्दीत चालायचंच."

भीमा उठला, त्याने कोपऱ्यातून मला उचलले, धूळ झटकली आणि मनकर्णाच्या हाती दिले. पण पुन्हा डोक्यावर चढवायला तो तयार नव्हता. मनकर्णाची मोठी कोंडी झाली. सोंग दुसऱ्या घरी गेले की आबांचे नाव बोहाड्यातून पुसले जाणार होते. आणि त्या हातांमध्ये नवऱ्याला परत ढकलणे तिला जमणार नव्हते.

पुढच्या चैत्रात सोंगे ठरवायला पंच देवळात बसले, तेव्हा मला टोपलीत घालून मनकर्णा तिथे गेली. सोबत लंकाबाई होती.

"राक्षसीन आमच्याच घरी ऱ्हाईल," मनकर्णा म्हणाली, "पन तिला कुनी हात लावायचा न्हाई."

एक पंच हसला. "अगं, राक्षसीन ती! तिला काय ववाळायचं? पोरं गंमत करत्यात जरा. चालत आलंय हे."

"चालत आलंय?" लंकाबाई पुढे झाली. "मी ह्या गावात नांदाया आले तवा राक्षसिनीला बघून तुझा बाप धोतर सोडून पळाला हुता. हात लावायची टाप हुती का कुनाची?"

सगळे देऊळ हसले. पंचही हसला. बोलणे असेच हसण्यात विरून जाईल, हे मनकर्णाच्या ध्यानात आले. तिने मला टोपलीतून बाहेर काढले आणि गहिनीनाथाकडे वळली. गहिनीनाथ संबळ वाजवणारा. आबांच्या सगळ्या फेऱ्यांना त्यानेच वाजवले होते.

"गहिनीदादा, तुमच्या डोक्यावर घालू का? एकदा वढून दावते."

"घाल की. मी बी राक्षसीन दिसतो का बघू."

तिने मला त्याच्या डोक्यावर चढवले, गाठ बांधली आणि मागून ओढले. फार जोरात नाही. गहिनीनाथ खोकत मटकन खाली बसला. गाठ सोडल्यावरही तो गळा चोळत राहिला.

"आबा वरडायचा," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, रंगात आलाय. म्हनून मी आनखी जोरात वाजवायचो."

देवळात आता कुणी हसत नव्हते.

"आयका," गहिनीनाथ पंचांना म्हणाला. "औंदा राक्षसिनीनं हात वर केला की माझा संबळ बंद. ती हात खाली घेईस्तवर टिपरू पडायचं न्हाई."

पंचांनी ते मानले आणि ते कळल्यावर भीमाही पुन्हा सोंग घ्यायला तयार झाला. त्या वर्षी माझी गाठ त्याने स्वतःच्या हाताने बांधली. ऊन कलले होते आणि गर्दी दरवर्षीइतकीच होती. अर्धा फेरा बरा गेला. देवळाच्या मागच्या अंगाला आलो आणि मला हिसका बसला. भीमाने हात वर केला.

संबळ थांबला. मित्रांनो, बोहाड्यात इतकी शांतता असू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हते. सगळी माणसे वळली. माझी बट अजून एका मुठीत होती, आणि ती मूठ पोराची नव्हती. गावात ज्यांना सगळे अहो-जाहो करतात, असे ते एक पोक्त गृहस्थ होते. गोंगाटात जी गंमत वाटत होती, ती आता शांततेत सगळ्यांना त्यांच्या मुठीत उघडी दिसत होती.

"काय पाटील, वेनी घालताय व्हय तिची?" लंकाबाईचा आवाज आला. "घाला, घाला. आमी थांबतो."

लोक पुन्हा हसले, पण या वेळी राक्षसिणीला नाही. मूठ सुटली. भीमाने हात खाली घेतला आणि संबळ कडाडला. पुढच्या वळणावर संबळ आणखी एकदा थांबला. त्यानंतर तशी वेळ आली नाही. गर्दी आपसूक मागे सरकली आणि राक्षसिणीला नाचायला अंगण मिळाले. मग भीमा असा नाचला, असा गर्जला की पोरे पार पिंपळापर्यंत पळाली आणि लगेच परत आली.

"आबांच्या वेळंला संबळ आसा थांबला आसता तर..." मनकर्णा लंकाबाईला म्हणाली. लंकाबाईने तिचा हात हातात घेतला.

सोंग उतरल्यावर मी ओट्यावर वाळत पडलो होतो. शाळेच्या मास्तरांची लहान मुलगी येऊन समोर उभी राहिली. मघाशी सगळ्यांत मोठ्याने ओरडत पळाली होती ती हीच.

"काकू, हिच्या केसांना हात लावू का?"

मनकर्णाने भीमाकडे पाहिले. तो पाणी पीत होता. "लाव की," तो म्हणाला. "पन हळू. दमलीय ती."

मित्रांनो, तुमच्या जत्रेत सोंग येईल, शाळेत तुमच्यातलेच कुणी वेष करून उभे राहील. तेव्हा पोट धरून हसा, घाबरा, पळा. त्यासाठीच आम्ही सजतो. पण हात लावावासा वाटला तर आधी विचारा, आणि नको म्हटले तर मागे व्हा. एवढ्या वर्षांत गर्दीतून आलेला, विचारून मला लागलेला पहिला हात त्या मुलीचा. हात कसला, एवढेसे बोट ते. त्या बोटाला मी टोचलो, याचे मला अजून वाईट वाटते.