लाल बाण

दोष शोधणं हा माझा धंदा आहे. शर्ट शिवायच्या कारखान्यात मी अठरा वर्षं तपासणीच्या टेबलाशी उभी आहे. डोक्यावर दोन ट्यूबलाइट, समोर शर्टांचा ढीग आणि डाव्या मनगटात लाल बाणांच्या स्टिकरची गुंडाळी. टाका सुटला, काज वाकडं झालं, डाग पडला, की तिथे एक बाण चिकटवायचा आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याचा नंबर बाणाच्या शेपटीवर लिहायचा. भांडण नाही, आरडाओरडा नाही. शर्ट मुकाट ज्याचा त्याच्याकडे परत जातो. डागांच्या बाबतीत तर माझा हात कुणी धरू शकत नाही. मशीनच्या तेलाचा डाग पिवळट आणि कडेला गडद असतो. केसांच्या तेलाचा समोरून दिसतच नाही, कापड उजेडात तिरकं धरावं लागतं.

आता ही नजर सुट्टीची घंटा झाली म्हणून काही फाटकाशी काढून ठेवता येत नाही. नवरा मला फौजदार म्हणतो. घरात शिरले रे शिरले की, "काय फौजदारसाहेब, आज कुणाला आत टाकलं?" असं विचारत चहाचं आधण ठेवतो. म्हणू दे. घरात सोळा वर्षांची लेक असताना एकाने तरी डोळे उघडे ठेवायला हवेत, आणि त्याचे तर वर्तमानपत्र वाचतानाही मिटलेले असतात.

लेकीच्या कपाळावर गेल्या वर्षी पुटकुळ्या यायला लागल्या. आधी केसांच्या कडेने बारीक बारीक, मग लाल, मग पिकलेल्या. संध्याकाळी शाळेतून यायची तेव्हा कपाळ आणि नाक तुपाचा हात फिरवल्यासारखं चकाकत असायचं.

माझा पहिला संशय तळणावर. बाहेर काहीतरी चरत असणार. मी तिच्या डब्याचा वास घेतला, दप्तराचा घेतला, एकदा तर बोलता बोलता तिच्या तोंडाचा घेतला. काही हाती लागलं नाही. दुसरा संशय, ही नीट तोंड धूत नाही. मी कपड्यांच्या साबणाच्या तोडीचा एक कडक साबण आणला आणि दिवसातून पाच वेळा, मी घरी असेन तेव्हा माझ्यादेखत, खसखसून धुवायला लावलं. चेहरा सोलून निघाल्यासारखा लाल झाला, तासाभरात पुन्हा चकाकायला लागला, आणि पुटकुळ्यांनी आणखी जागा धरली.

मग तिने केसांची एक जाड बट कपाळावर ओढून घेतली. बाथरूमची कडी लावायला लागली. शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन तिच्याकडे होतं, तिने ते सोडून दिलं. मी विचारलं, का सोडलं? म्हणाली, असंच. कुणी काही बोललं का? नाही. कोणी मुलगा वगैरे आहे का? तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच नजर दुसरीकडे वळवली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. लेक हातची चालली आहे, हे मला दिसत होतं आणि कुठून चालली आहे ते सापडत नव्हतं. म्हणून मी जास्त विचारायची, आणि मी जास्त विचारलं की ती जास्त मिटायची.

एक वेळ मात्र तिने कधी चुकवली नाही. संध्याकाळी साडेसात वाजले की ती चौरंग ओढून माझ्या पुढ्यात पाठ करून बसायची आणि मी तिच्या डोक्याला तेल लावायची. ती पाच वर्षांची असल्यापासूनचा हा रिवाज. तेल मी स्वतः कढवते, बाजारच्या तेलावर माझा विश्वास नाही. मुळांशी बोटं फिरवत, कपाळापासून मानेपर्यंत चांगलं निथळेपर्यंत जिरवायचं आणि घट्ट वेणी घालायची. त्या वेळी आम्ही दोघी फारसं बोलत नसू. तिचे खांदे मात्र हळूहळू खाली यायचे, ते मला कळायचं.

सुगावा लागला तो टॉवेलवरून. तिच्या निळ्या टॉवेलवर पांढरे धब्बे पडले होते. डाग नव्हेत, मी नीट बघितलं. रंगच उडाला होता. पाण्याने असं होत नाही आणि साबणानेही होत नाही. म्हणजे ही तोंडाला काहीतरी लावते आहे, आणि ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी तिची खोली पालथी घातली. लाज वाटली का? थोडी वाटली. पण थांबले नाही. खेळाच्या बुटात मोजा, मोज्यात एक ट्यूब आणि ट्यूबभोवती गुंडाळलेला कागद. कागदावर औषधाच्या दुकानाचा शिक्का आणि हाताने लिहिलेल्या चार सूचना. एक: चेहरा दिवसातून दोनदाच, सौम्य फेसवॉशने धुणे, घासू नये. दोन: जेल रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, पातळ थर, सुरुवातीला एक दिवसाआड, कपड्याला लागल्यास रंग जातो. तीन: पुटकुळ्या फोडू नयेत. चार: फरक दिसायला आठ ते बारा आठवडे, धीर धरणे, तरीही कमी न झाल्यास त्वचेच्या डॉक्टरांकडे जाणे.

चौथ्या ओळीच्या खाली कागद कापलेला होता. फाटलेला नव्हे. माणूस चुकून कागद फाडतो तेव्हा कडेला केसासारखे तंतू निघतात. ही कड पट्टी ठेवून ब्लेडने कापल्यासारखी सरळ होती, आणि त्या कडेला एका अक्षराची वेलांटी अर्धवट राहिली होती. म्हणजे खाली काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून कापलं होतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. फोन नंबर.

संध्याकाळी मी ट्यूब आणि कागद टेबलावर मांडून बसले. नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे, आणि कचरा टाकायला म्हणून निघून गेला. बादली तशीच राहिली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मुरमांचं औषध." लेक दप्तर खाली न ठेवताच म्हणाली. "औषधाच्या दुकानातल्या बाईंनी दिलं."

"मग मोज्यात कशाला लपवायचं?"

"तू काढून घेतलं असतंस. मागे मी आणलेला फेसवॉशपण काढून घेतलास."

"ते राहू दे. खाली काय लिहिलं होतं?"

"काही नाही. कागद मोठा होता म्हणून कापला."

"मला शिकवू नकोस. तिथे ओळ होती."

तिने ओठ मिटले. त्या ओठांवरून मला कळलं, की ती खोटं बोलते आहे आणि मेली तरी सांगणार नाही. एवढं होऊनही साडेसातला चौरंग ओढून ती माझ्यापुढे येऊन बसली. मला इतका राग आला होता, की मी तेल नेहमीपेक्षा जास्त ओतलं आणि एक शब्दही न बोलता वेणी ओढून बांधली.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट औषधाच्या दुकानात गेले. काउंटरमागे पन्नाशीच्या, चष्मा साखळीला बांधलेल्या एक बाई होत्या. मी कागद त्यांच्यापुढे आपटला.

"हा तुम्हीच लिहिलात ना? याची खालची ओळ कुठे आहे? कुणाचा नंबर होता?"

"नंबर?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नंबर कशाचा? मुरमांचं औषध नेणाऱ्या प्रत्येकाला मी याच सूचना लिहून देते. पाठ झाल्यात मला." त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि माझ्या डोळ्यांदेखत पाचही ओळी पुन्हा लिहिल्या. चार तशाच होत्या. पाचवी अशी होती: केसांना रोज तेल लावत असाल तर बंद करणे, कपाळावर उतरते, छिद्रे बुजतात, उशीचा अभ्रा वरचेवर बदलणे.

मी ती ओळ दोनदा वाचली.

"मुलीच्या पुटकुळ्या कुठे आहेत ते मी बघितलं," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "गालावर फारशा नाहीत, हनुवटीवर नाहीत. सगळ्या केसांच्या कडेला. या वयात कातडीतल्या ग्रंथी आधीच जास्त तेल सोडतात. त्यात वरून आणखी तेल. मळ नसतो तो, घासून कसा जाणार? घासलं तर उलट चिडतं. मी तिला म्हटलं, तेल कोण लावतं? म्हणाली, आई. म्हटलं, मग आईला सांग. तर गप्पच बसली."

"माझं तेल घरचं असतं," मी म्हणाले. "स्वतः कढवलेलं. तुमच्या ट्यूबसारखं नाही, रंग उडवणारं. ती पाच वर्षांची होती तेव्हापासून लावते आहे, तेव्हा नाही आल्या त्या पुटकुळ्या!"

"पाच वर्षांच्या मुलीची कातडी वेगळी, सोळाव्या वर्षाची वेगळी," बाई म्हणाल्या.

मी आणखीही बरंच बोलले. दुकानात उभी असलेली दोन माणसं औषध न घेताच निघून गेली. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं पुटपुटत मी तो कागद उचलून तरातरा घरी आले. ही बाई आपला माल खपवते आहे, यात मला शंका नव्हती. तिचं म्हणणं खोटं ठरवायला पुरावा माझ्या घरातच होता. मी लेकीच्या उशीचा अभ्रा ओढून काढला आणि खिडकीशी नेला.

समोरून बघितलं. फिक्या निळ्या अभ्र्यावर पांढरे, रंग उडालेले ठिपके होते. ते जेलचे. बाकी स्वच्छ. माझ्या जिवात जीव आला. मग अठरा वर्षांच्या सवयीने हात आपोआप वळला आणि कापड उजेडात तिरकं झालं.

मधोमध, डोकं टेकतं त्या जागी, ताटाएवढा डाग होता. बोटाने चोळला तर बोटाला आला. नाकाशी नेला. वासाची खात्री करायची गरज नव्हती, तरी नेला. हे तेल मी ओळखते. रोज रात्री ती या डागावर तोंड टेकवून झोपत होती, आणि सकाळी मी तिला साबण घेऊन उभी करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या गावाचे हात तपासले, माझे तेवढे राहिले.

मी पलंगावर बसून रडले. कुणी बघायला नव्हतं म्हणून नीट रडले.

लेक त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा आली. दारातच थांबली. माझ्या मांडीवरचा अभ्रा तिने बघितला आणि दुकानातला नवा कागदही बघितला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"आणि तरी रोज येऊन बसत होतीस? अगं, का? एवढं कार्यक्रमातून नाव काढून घेतलंस, आरशात बघायचं सोडलंस. मला एकदा सांगायचं नाही?"

तिने दप्तर खांद्यावरून काढून खाली ठेवलं.

"सांगितलं असतं तर तू तेल लावायचं बंद केलं असतंस," ती म्हणाली. "दिवसभरात तेवढीच पंधरा मिनिटं तू मला काही विचारत नाहीस."

तोंड उघडलं असतं तर बाहेर पुन्हा प्रश्नच पडला असता. मी उठले, कामाच्या पिशवीतून बाणांची गुंडाळी काढली, एक लाल बाण सोलला आणि अभ्र्यावरच्या डागाशी चिकटवला. शेपटीवर माझा नंबर लिहिला, एकतीस. लहानपणी सुट्टीत ती माझ्या टेबलाखाली बसून हेच बाण वहीत चिकटवायची. कुणाचा नंबर कुठे लिहितात, हे तिला सांगावं लागत नाही. मी अभ्रा तिच्या हातात दिला. ती नंबराकडे बघत राहिली आणि मग अभ्रा घेऊन आत गेली.

साडेसात वाजले. मी तेलाची वाटी बाहेर काढली नाही. चौरंगासमोर नुसती बसून राहिले. आता ती कशाला येईल, असं वाटत होतं. नवरा वर्तमानपत्राआडून बघत होता, त्याचे डोळे पहिल्यांदाच उघडे दिसले.

ती आली. चौरंग ओढून पाठ करून बसली. मी कोरडा कंगवा घेतला आणि केस विंचरायला लागले, कपाळावरची बटसुद्धा मागे घेतली. वीस मिनिटं उशीर का झाला, हा प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर होता. मी तो गिळला.

"आज उशीर का झाला, विचारणार नाहीस?" ती म्हणाली.

"नाही."

मी एक गुंता सोडवला. मग ती आपणहून म्हणाली, "दुकानात गेले होते. बाई म्हणाल्या, तुझी आई दुकान डोक्यावर घेऊन गेली. मी म्हटलं, हो, ती तशीच आहे. मला वेगळंच विचारायचं होतं. मुळांशी न लावता नुसतं टोकांना लावलं, तर चालतं का म्हणून."

"मग? काय म्हणाल्या?"

"विचारलंसच शेवटी!" ती हसली, आणि हसता हसता वळून माझ्याकडे पाहिलं. कपाळ उघडं होतं, लाल होतं, आणि तिने ते झाकलं नाही. "चालेल म्हणाल्या. आठवड्यातून एकदा, फक्त टोकांना, डोकं धुवायच्या आधी तासभर. रविवारी वगैरे."

"रविवार परवाच आहे," मी म्हणाले.