पुस्तकातले नानासो

शरयूबाईंची कादंबरी बाहेर पडून चार महिने झाले होते आणि बाई अजून जमिनीवर आल्या नव्हत्या. विश्रामबागेतल्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला, पण धडा आवडला म्हणून एकाही पोराने कधी फोन केला नव्हता. आता रोज फोन. वाचक ही काय चीज असते हे बाईंना साठीला टेकताना कळत होतं आणि त्यांना ते फार म्हणजे फारच आवडत होतं.

कादंबरीचं नाव ‘उसनं नाव’. नायक हेर, पण कसला हेर! पिस्तूल नाही, पाठलाग नाही. दुष्काळी भागातला हा माणूस सरहद्दीजवळच्या एका शहरात सोनं गाळायच्या दुकानात अकरा वर्षं खोट्या नावाने राहतो, शेजाऱ्यांशी गोड बोलतो आणि कुणाला कोणती थाप मारली ते न चुकता लक्षात ठेवतो. बस्स. कराडच्या एका निवृत्त हवालदारांनी बाईंना फोनवरच झापलं, “मॅडम, दोनशे पानं झाली, एक गोळी सुटंना!” आणि त्याच दमात विचारलं, “पर त्येचं पुढं काय हुतं वो? जेवण जाईना मला.”

बाईंचे यजमान सुमंतराव मात्र वैतागले होते. “फोन उचलल्यावर आधी हॅलो म्हणत जा,” ते म्हणाले. “काल गॅसवाल्याला विचारलंस, कितव्या पानावर आहात म्हणून.”

असाच एक फोन आटपाडीकडून आला.

“बाई, मी आपासो. आमच्या गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष. एकच इचारायचं हाय. आमचं नानासो तुमाला कुठं भेटलं?”

“कोण नानासो?”

“आता आमच्यापाशी कशाला लपवताय!” आपासो खूश होऊन हसला.

मग त्याने सगळं सांगितलं. नानासो त्याचे चुलते. सोनं गाळायच्या धंद्यात त्या भागातली निम्मी घरं देशभर पांगलेली, तसेच नानासोही वर सरहद्दीकडच्या गावात गेले. बरोबर अकरा वर्षं! बायकापोरं गावात. दर दिवाळीला घरी पार्सल यायचं. मग एके दिवशी आजारी होऊन परत आले, तिकडचा एक शब्द न बोलता दोन वर्षांत वारले. त्यांनी तिकडे दुसरं घर केलं होतं, अशी कुजबूज गावात तेव्हापासून होती. पण आता बाईंचं पुस्तक आलं आणि गावाचे डोळे उघडले.

“सरकारी काम हुतं, बाई! म्हणून तर बोललं न्हाईत! येत्या रविवारी वाचनालयात फोटू लावतोय त्येंचा, फौजेतल्या गड्यांच्या शेजारी. तुमच्या हातनं. तुमी फकस्त दोन शब्द बोला, पुस्तकातलं समदं खरं हाय म्हणून.”

“अहो, पण ते सगळं मी मनाने रचलंय!”

“कळलं, कळलं. तुमाला सांगायला बंदी आसंल,” असं म्हणून आपासोने फोन ठेवलासुद्धा.

बाईंना आधी हसू आलं. मग लक्षात आलं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नानासोंची बायको हयात होती. भर सभेत ‘हे माझ्या मनातलं आहे’ म्हटलं, की जुनी कुजबूज पुन्हा त्या बिचारीच्या दारात येऊन बसणार. आणि गप्प राहिलं, तर एका अनोळखी माणसाला खोटा हार घालायचा. सुमंतराव म्हणाले, जाऊच नकोस. पण बाई कसल्या ऐकतात! आपल्या पुस्तकावर एक आख्खं गाव वेडं झालेलं त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. जायचं, त्या बाईला आधी एकटीला गाठायचं आणि ती म्हणेल तसं करायचं, असं त्यांनी ठरवलं.

पण एकटं गाठू देतं कोण? रविवारी बाई गावात उतरल्या तशी हलगी कडकडली. सुवासिनींनी ओवाळलं, नारळ दिला, शाल दिली. कॉलेजातली पोरं पुस्तकावर सही घ्यायला रांगेत उभी. एका आजोबांनी तर पान उघडून दाखवलं, ह्या जागी रडलो म्हणून. बाईंना इतका आनंद झाला, की आपण कशासाठी आलोय ते पाच मिनिटं त्या साफ विसरल्या.

वाचनालयात पहिल्याच रांगेत बनुबाई बसल्या होत्या. नानासोंच्या मागे राहिलेली त्यांची ही सत्तरीची बायको, अंगाने काटक, नजर धारदार. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेजारी नात साक्षी. तिने रोज दुपारी वाचून आजीला आख्खं पुस्तक ऐकवलं होतं. शरयूबाई त्यांच्याजवळ टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, “मावशी, तुमच्या मालकांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही. पुस्तक सगळं माझ्या मनातलं आहे. आता मी काय बोलू, तुम्हीच सांगा.”

बनुबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. “तुमी कायबी बोलू नगासा. आदी मी बोलते.”

आपासो हातोडी घेऊन स्टुलावर चढलाच होता. बनुबाई उठून उभ्या राहिल्या.

“आपासो, खिळा ठोकू नगंस. आमचं मालक हेर न्हवतं. त्येंच्या पोटात तीळ भिजायचा न्हाई.”

सभा हसली. मग त्यांचा चेहरा बघून थांबली.

“त्येंनी तिकडं दुसरं घर केलं हुतं. दुसऱ्याच वर्सी मला तसा निरोप धाडला. मग पत्र न्हाई, पार्सल न्हाई. त्या बाईनं घालवून दिलं तवा आलं माघारी.”

“आवं नानी, पार्सल तर यायचं!” आपासो स्टुलावरूनच ओरडला. “मी सोता आणून दिलंय पोस्टातनं!”

“मीच धाडायची. कराडला जाऊन लुगडं घ्यायची, पोराला कापडं घ्यायची, आन् वळखीच्या ट्रकवाल्याकडं द्यायची, वर जाऊन तिकडच्या पोस्टात टाक म्हणून. कुणाला काय सांगितलंय ते ध्यानात ठिवायचं. एकीला म्हनलं, दुकान बदललं. दुसरीला म्हनलं, रजा मिळंना. सोताच्या आईलाबी खरं सांगितलं न्हाई.” त्यांनी दम घेतला. “इतकी वर्सं मला वाटायचं, मी खोटारडी हाय. साक्षीनं पुस्तक वाचलं तवा कळलं, ही तर नोकरी असती! लय अवघड नोकरी! बाईंच्या पुस्तकातला त्यो गडी नानासो न्हवं. त्यो मी हाय. फोटू लावायचा तर माजा लावा.”

फौजेतून निवृत्त झालेला बनुबाईंचा लेक लालासाहेब भिंतीला टेकून उभा होता, त्याने बापाच्या फोटोकडे पाहिलं. ‘बापाने धाडलेले’ ते कपडे घालून तो दर दिवाळीला गावभर मिरवला होता.

तेवढ्यात बायकांतून हरणाबाई उसळली. ही बनुबाईंची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण.

“बने! तुज्या त्या नव्या लुगड्यापायी मी दर दिवाळीला नवऱ्याशी भांडले गं! म्हनायची, नानासो एवढ्या लांबनं धाडत्यात, आन् तुमाला घरात बसून सुचत न्हाई!”

सगळं वाचनालय फुटलं. हसता हसता बायका डोळे पुसत होत्या, कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, आणि आपासो एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात चुलत्याचा फोटो घेऊन तसाच वर उभा. शरयूबाईही वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होत्या. चार वर्षं लिहिताना त्यांना आपल्या नायकाचा चेहरा काही केल्या नीट दिसला नव्हता, आणि आज तो हातभर अंतरावर उभा होता. एवढा आनंद त्यांना छापील प्रत पहिल्यांदा हातात आली तेव्हाही झाला नव्हता.

बनुबाई खाली बसल्या आणि त्यांच्याकडे वळल्या. “पर बाई, शेवट चुकला तुमचा.”

“चुकला?”

“त्यो मरतो, पर कुणालाच सांगत न्हाई. बायकूला न्हाई, पोराला न्हाई. एकदा तरी सांगू द्यायचं हुतं त्येला.”

यावर शरयूबाईंकडे उत्तर होतं, पण ते आजवर त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. “मला धीर झाला नाही, मावशी. त्याने सांगितल्यावर त्याची माणसं काय करतील, ते मला सुचेना.”

लालासाहेब गर्दीतून वाट काढत पुढे येत होता. त्याचा चेहरा ओला झाला होता.

“मग आता बगा की,” बनुबाई म्हणाल्या, आणि लेकाला बसायला त्यांनी शेजारी जागा केली.