बोर्दास साहेबांचा सत्कार

दत्तोपंतांनी माइक आपल्याकडे ओढला, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. शेजारी बोर्दास साहेब, डोक्यावर जरीचा फेटा आणि गळ्यात झेंडूचा हार, भाषांतर होण्याची वाट पाहत होते. त्यांनी फ्रेंचमध्ये एकच साधं वाक्य उच्चारलं होतं: "एकेचाळीस वर्षं मी रंगभूमीवर नोकराची कामं केली."

औरंगपुऱ्यातल्या शाळेचा हॉल रविवारच्या सकाळी गच्च भरला होता. खिडक्यांतही माणसं बसली होती. पहिल्या रांगेत नाट्यमंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब मांडीवर काठी आडवी घेऊन बसले होते. नुकतंच त्यांनी स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं होतं की फ्रान्सचा सर्वांत मोठा नट आपल्या गावी आला आहे, चाळीस वर्षं त्याने राजाच्या भूमिका गाजवल्या आहेत. हे त्यांना दत्तोपंतांनीच सांगितलं होतं.

आणि दत्तोपंतांनी ते खोटं सांगितलं नव्हतं, निदान तेव्हा तरी नाही. म्हातारे बोर्दास साहेब अजिंठ्याची चित्रं बघायला एकटेच आले, आणि गावात फ्रेंच समजणारा माणूस एकच, म्हणून डाक बंगल्यावरून दत्तोपंतांना बोलावणं आलं. हैदराबादेत शिकताना दोन वर्षं घेतलेलं फ्रेंच असं कामाला आलं. अजिंठ्याहून दोघं परतत असताना साहेबांनी पाकिटातून एक जुना फोटो काढला. सिंहासनावर दाढीवाला राजा, मागे दाढीवाला भालदार. "हे तुम्ही?" दत्तोपंतांनी फोटोवर बोट टेकवून विचारलं. साहेबांनी खुशीत मान हलवली. गाडी खड्ड्यांतून चालली होती, आणि बोट नेमकं कोणावर होतं हे दोघांनीही पाहिलं नाही. सत्काराला आलेल्या माणसाला 'तुम्ही नक्की राजाच होतात ना?' असं विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्याचा परिचय आपण परस्पर तयार करतो.

दत्तोपंतांना हा सत्कार हवा होता. पोलिस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली आणि उर्दूतून इतिहास शिकवणारे, पोरांना धाकात ठेवणारे दत्तोपंत एकाएकी कच्चे मास्तर ठरले. त्यांच्या मराठीत 'लेकिन' आणि 'बहरहाल' डोकावलं की पोरं खाली माना घालून हसत. स्टाफरूममध्येही कोणी कोणी हसत असे. पाच वर्षं त्यांनी हे सोसलं होतं. आज तेच लोक समोर बसले होते आणि त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

तात्यासाहेबांनी काठी आपटली. "अहो दत्तोपंत, काय म्हणतात पाहुणे?"

"म्हणतात..." दत्तोपंतांनी तात्यासाहेबांच्या काठीकडे पाहिलं. "म्हणतात, एकेचाळीस वर्षं मी रंगभूमीवर राज्य केलं."

टाळ्या कडाडल्या. बोर्दास साहेब चकित होऊन लोकांकडे बघत राहिले. मग त्यांनी हात छातीशी नेला.

एकदा टाळ्या मिळाल्यावर परतीची वाट उरली नाही. साहेब म्हणाले, मी बाकी कोणी नव्हतो, तबक आणणारा होतो, पत्र आणणारा होतो, भाला धरून मागे उभा राहणारा होतो. दत्तोपंतांच्या मराठीत तबकं आणि पत्रं साहेबांपुढे येऊ लागली, भालदार त्यांच्या मागे उभे राहिले. साहेब म्हणाले, अकरा सिनेमांत काम केलं, त्यात सहांमध्ये वेटर, चारांमध्ये पोस्टमन आणि एकात प्रेत. लोक हसतील म्हणून ते थांबले. दत्तोपंतांनी अकरा सिनेमांत अकरा मुकुट चढवले. कोणी हसलं नाही, टाळ्या मात्र आणखी वाढल्या. आपण या माणसाचं आयुष्य त्याच्याच समोर चोरतो आहोत हे दत्तोपंतांना कळत होतं, आणि तरी जीभ थांबत नव्हती. मराठी तर आज अशी अस्खलित येत होती, की एकही 'लेकिन' आडवा आला नाही.

"माझी आई एकदाच नाटकाला आली," बोर्दास साहेब शेवटी म्हणाले. आता त्यांचा आवाज कापत होता. "मला एकच वाक्य होतं, 'गाडी तयार आहे, महाराज.' ते ऐकून ती रडली. पॅरिसमध्ये हे मी कधी कोणाला सांगितलं नाही."

"माझ्या आईनं मला सिंहासनावर पाहिलं आणि तिला रडू कोसळलं," दत्तोपंत म्हणाले.

बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. सगळा हॉल उभा राहिला.

सत्कार संपल्यावर व्हरांड्यात चहा झाला. बोर्दास साहेबांनी दत्तोपंतांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे अजून ओले होते.

"माझी बहीण म्हणते, तू आयुष्य फुकट घालवलंस," ते म्हणाले. "आणि ही माणसं एका नोकरासाठी उभी राहिली. कसली माणसं आहात तुम्ही!"

दत्तोपंतांना हात सोडवून घ्यावासा वाटला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी ते कसनुसं हसले.

एवढ्यात फकिरा पुढे आला. फकिरा पडेगावचा. आठवडाभर भांड्यांना कल्हई करायची आणि मंडळाच्या प्रत्येक नाटकात भाला धरून उभं राहायचं, हे त्याचं काम. वीस वर्षांत त्याला एकही वाक्य मिळालं नव्हतं.

"पंत, तेवढं एक इचारा ना सायबाला," तो म्हणाला. "यांनी कदी, अगदी पोरवयात का व्हईना, भालदाराचं काम केलं व्हतं का?"

"कशाला रे?"

"घरी समदे हसत्यात मला. बायकू म्हणती, आता बास करा हे. म्या बी तसंच ठरवलं व्हतं. पर एवढा मोठा माणूस येकदा जरी तसा हुभा ऱ्हायला असंल, तर मंग मी बी ऱ्हातो."

दत्तोपंतांनी नजर चहाच्या कपांकडे वळवली. फकिराला वाटलं, पंतांना शब्द सापडत नसावा. तो सरळ बोर्दास साहेबांसमोर गेला, मूठ वळून अदृश्य भाला धरला, हनुवटी वर केली, नजर लांब भिंतीवर लावली. मग दुसऱ्या हाताचं बोट साहेबांकडे करून भुवया उंचावल्या. तुम्ही? कधी?

साहेबांचा चेहरा आधी फुलला. मग त्यांनी दत्तोपंतांकडे वळून पाहिलं.

"पण हे तर मी आत्ताच सांगितलं," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांना सांगितलं. नाही का?"

दत्तोपंतांची मान खाली गेली. ती वर येईना.

बोर्दास साहेबांनी त्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं. लोक कुठे हसले नव्हते आणि कुठे उभे राहिले होते, ते आता त्यांना उमगत गेलं असावं; गाडीत ते बोट फोटोतल्या राजावर होतं, हेही. तेवढ्यात तात्यासाहेब चारसहा जणांना घेऊन तिथे आले.

"काय म्हणतात आपले महाराज?" त्यांनी दत्तोपंतांना विचारलं. "आणि हा फकिरा काय मागतोय त्यांच्याकडे?"

फकिरा अजून तसाच उभा होता, मूठ वळलेली, भुवया वर. सगळे उत्तराची वाट पाहत होते.

बोर्दास साहेबांनी गळ्यातला हार सारखा केला. वाकलेली पाठ सावकाश ताठ झाली. पापण्या अर्ध्या मिटून त्यांनी फकिराकडे असं पाहिलं, की तो आपोआप एक पाऊल मागे सरला. मग दोन बोटं जराशी हलवून, मानेनं त्यांनी नकार दिला. त्याला भाषांतर लागलं नाही.

"वा!" तात्यासाहेब म्हणाले. "राजा तो राजाच."

फकिराची मूठ उघडली.

"व्हय, मोठी माणसं कशाला करतील असली कामं," तो म्हणाला. "उगं इचारलं." आणि खुर्च्या उचलायला आत निघून गेला. तात्यासाहेबही समाधानानं आपल्या माणसांकडे वळले.

बोर्दास साहेब दत्तोपंतांच्या कानाशी वाकले. त्यांचा श्वास भरभर चालला होता.

"जमलं का?" त्यांनी विचारलं. "राजाचं काम मी याआधी कधी केलेलं नाही."