दारं उघडी, कोंबड्या आत

साडूचा टेम्पो दारावरून गेला, की थोरल्यांचा चहा कडू व्हायचा. साखर तेवढीच, दूध तेवढंच, पण घोट काही घशाखाली उतरायचा नाही.

"गेला वाटतं," ते कपातच बघत म्हणायचे.

"कोण?" बायको मुद्दाम विचारायची.

"तुझ्या बहिणीचा नवरा, दुसरं कोण! मी म्हणतो, हॉर्न वाजवायची गरज काय असते?"

"अहो, तिथे वळण आहे. सगळेच वाजवतात. तुम्ही नाही वाजवत?"

मग थोरले कप खाली ठेवायचे आणि चपला शोधायला लागायचे. पायातच असायच्या.

दोघी सख्ख्या बहिणी एकाच वस्तीत दिलेल्या. मोठीचा नवरा म्हणजे थोरले आणि लहानीचा नवरा म्हणजे धाकटे. सासूबाईंनी दिलेली ही नावं पुढे सगळ्या वस्तीने उचलली. कोंबड्यांचा धंदा थोरल्यांनी आधी काढला होता. पिल्लू हातात कसं धरायचं, दिवा किती उंचीवर टांगायचा, पाण्याची भांडी कुठे ठेवायची, हे सगळं धाकट्यांना त्यांनीच शिकवलं. आणि आता तोच धाकटा पुढे निघून गेला होता! परका पुढे गेला असता तर एक वेळ चाललं असतं. पण घरातला, आपल्या हाताखाली शिकलेला, वर सणासमारंभाला शेजारी बसून हसणारा माणूस पुढे गेला, की ते फार खुपतं.

दोघांचाही माल एकाच दुकानात जायचा. बाजाराच्या कोपऱ्यावर मावशींचं चिकनचं दुकान होतं. नवऱ्यामागे त्यांनी ते एकटीने सांभाळलं होतं. सुरी त्यांच्याच हातात असायची आणि तिच्याइतकीच जीभही धारदार होती. दुकानावर पाटी होती, 'मोकळ्यावर वाढलेली कोंबडी'. या पाटीसाठी मावशींच्या दोन अटी होत्या. शेडमध्ये चौरस मीटरला दहाच्या वर कोंबड्या नकोत, आणि बाहेर प्रत्येकीमागे निदान एक चौरस मीटर मोकळी जमीन हवी. दोघा साडूंनी अटी कबूल केल्या होत्या.

एका रविवारी थोरले दुकानात उभे असताना एक बाई आल्या. त्यांनी काचेआड नजर टाकली आणि विचारलं, "धाकट्यांची आहे का?"

"आज थोरल्यांची आहे," मावशी म्हणाल्या.

"मग राहू दे. त्यांची आली की घेईन."

बाई गेल्या. थोरल्यांना ओळखतही नव्हत्या बिचाऱ्या. पण थोरल्यांचे कान तापले. घरी येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात साडूशी चार भांडणं केली आणि चारही जिंकली.

"काहीतरी पाजतो तो कोंबड्यांना," त्यांनी बायकोला सांगितलं. "नाहीतर खाद्य तेच, पिल्लं त्याच हॅचरीची, आणि मालात एवढा फरक?"

"मग विचारा की त्यांना."

"मी विचारू? मी?"

विचारलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी शिडी परत करायच्या निमित्ताने ते धाकट्यांच्या आवारात शिरले. टेम्पो दारात नव्हता हे आधीच बघून ठेवलं होतं. शेड अर्धी रिकामी दिसत होती. कोंबड्या होत्या कुठे? झाडांखाली! कुणी माती उडवून अंग घोळवत होती, कुणी पालापाचोळा उकरत होती, तर काही पार कुंपणापाशी जाऊन गवत टोचत होत्या.

मेव्हणीने चहा आणला. थोरल्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "औषध कोणतं घालता पाण्यात?"

"औषध? साधं पाणी असतं, भाऊजी. फक्त हे दर बॅचला पिल्लं ठरल्यापेक्षाही थोडी कमीच घेतात. म्हणतात, जरा ऐसपैस राहू देत."

थोरले हसले. म्हणजे ही सांगत नाही तर! बहिणीच्या नवऱ्यापासूनसुद्धा लपवते! पिल्लं कमी घेऊन कधी कुणी पुढे गेलंय का?

परत येताना त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. धाकटा कमी घेतो ना? मग आपण जास्त घ्यायची. इतकी, की मावशींच्या दुकानात बघावं तिकडे आपलाच माल दिसला पाहिजे. धाकट्यांची मागायला आलेल्या बाईला आपलीच घेऊन जावी लागली पाहिजे!

पुढच्या बॅचला पिल्लांचे ट्रे उतरताना बायको दारात उभी होती. ट्रे संपेचनात.

"अहो, शेड तेवढीच आहे."

"मग?"

"मावशींची अट?"

"दारं उघडी ठेवणार आहे ना मी? कोंबडी बाहेर जाऊ शकते ना? मग ती मोकळीच!"

बायको एकेक ट्रे मोजायला लागली. तिच्या मोजण्याला थोरले जरा घाबरत, पण त्या दिवशी त्यांना घाबरायलाही सवड नव्हती.

पिल्लं लहान होती तोवर सगळं छान दिसलं. पिवळाधमक गालिचा अंथरल्यासारखी शेड! थोरल्यांनी फोटो काढले आणि सासूबाईंनाही दाखवले. पण पिल्लं वाढतात आणि शेड वाढत नाही. काही आठवड्यांनी गालिच्यातली जमीन दिसेनाशी झाली. खाली अंथरलेलं भाताचं तूस विष्ठेने ओलं राहू लागलं, त्याची ढेकळं झाली. आत पाऊल टाकलं की डोळे झोंबायचे. रात्री मेलेल्या कोंबड्या बायको सकाळी लवकर उठून गोणीत भरायची. थोरले तिकडे पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "होतं एवढं तेवढं."

बॅचमधल्या मोठ्या कोंबड्यांचा पहिला माल मावशींकडे गेला आणि दुपारीच मावशी स्वतः रिक्षा करून दारात उतरल्या. एरवी दुकान सोडून त्या कुठे जात नसत.

"थोरले, शेड दाखवा."

"या ना, आधी चहा..."

"चहा नंतर. पाय बघितलेत का तुमच्या मालाचे? तळव्यांना काळे डाग, घोट्यांना चट्टे. ओल्या तुसात बसून बसून चामडी भाजलीय त्यांची. काचेत मांडायची लाज वाटली मला."

थोरल्यांचा पारा चढला. "धाकट्याने कान भरलेले दिसतात तुमचे!"

 मावशी सरळ शेडमध्ये गेल्या. एक बादली पालथी घातली आणि म्हणाल्या, "बसा."

"इथे?"

"इथेच. एरवी तुम्ही उभे राहून बघता. जरा त्यांच्या उंचीवरून बघा."

थोरले बसले. खाली वास आणखी उग्र होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उन्हाळा तापला होता आणि कोंबड्या चोची उघडून धापा टाकत होत्या. शेडच्या बाजूची छोटी दारं सताड उघडी होती. पलीकडे ऊन, गवत, वारा. आणि दारांशी? दारांशी कोंबड्यांची भिंत! बाहेर पडणाऱ्याही अंगणात चार पावलं टाकून थबकत होत्या, कारण शेडलगतचं गवत पार उखडलेलं होतं आणि पुढे सावलीला एक झुडूप नव्हतं.

"ती बघा," मावशींनी बोट दाखवलं.

मागच्या भिंतीकडून एक तांबूस कोंबडी दाराकडे निघाली होती. दोन कोंबड्यांमधून तिने मान घातली, अंग घातलं, थोडी पुढे सरकली. पुढच्या दोघी हलल्याच नाहीत. तिने बाजूने वाट काढली, तिथेही तेच. कुणीतरी तिच्या मानेवर टोच मारली. ती मागे वळली, पण मागचीही जागा भरून गेली होती. थोडा वेळ ती नुसती उभी राहिली. मग जिथे होती तिथेच, ओल्या तुसात खाली बसली आणि डोळे मिटले.



"आता सांगा," मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "दारं कुणासाठी उघडी ठेवलीत? कोंबड्यांसाठी की माझ्या पाटीसाठी?"

"पण मावशी," थोरल्यांनी शेवटचा प्रयत्न करून बघितला, "शेवटी कापायच्याच असतात ना?"

"मी कापते. हे मला नका सांगू." मावशी त्यांच्याकडे वळल्या. "मरण माझ्या हातात असतं आणि ते क्षणाचं असतं. जगणं तुमच्या हातात असतं, ते रोजचं असतं. एवढे दिवस तुम्ही त्यांना काय दिलंत? आणि माझ्याकडे लोक विश्वासाने येतात. मुलांना खाऊ घालायला नेतात. पाटीवर 'मोकळी' लिहून मी त्यांना ही देऊ?"

थोरल्यांनी बाहीने डोळे पुसले.

"एक विचारू? या कोंबड्या तुम्ही कुणासाठी वाढवल्यात? गिऱ्हाइकासाठी नाही, माझ्यासाठी नाही. धाकट्यांना दाखवायला वाढवल्यात. तुमच्या मनातली चुरस या मुक्या जिवांनी का सोसायची? आणि धाकट्यांनी कान भरले म्हणता? सकाळी माल उतरला तेव्हा ते दुकानातच होते. पाय बघितले त्यांनी. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'मावशी, चारचौघांत काही बोलू नका. दादांनी मला हा धंदा शिकवलाय.'"

एखाद्याने थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं! थोरल्यांना एकदम साडूशी मनातल्या मनात केलेली आणि जिंकलेली सगळी भांडणं खोटी वाटायला लागली.

मावशी निघताना एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून ऊन आणखी वाढणार आहे. या गर्दीत किती जगतील, तुम्हीच ठरवा."

त्या गेल्यावर थोरले बादलीवरून उठले नाहीत. उपाय त्यांना माहीत होता. निम्म्या कोंबड्या इथून हलवायला हव्या होत्या. जागाही माहीत होती. धाकट्यांची बॅच नुकतीच गेली होती, त्यांची शेड धुऊन, नवं तूस पसरून तयार होती. पण त्या दारात जाऊन उभं राहायचं? थोरल्याने धाकट्याकडे जागा मागायची?

बायको आत आली. "काय करायचं?" तिने विचारलं.

थोरल्यांनी त्या तांबूस कोंबडीकडे पाहिलं. ती अजून डोळे मिटून तिथेच बसली होती. ते उठले.

"येतो जाऊन," म्हणाले, "तुझ्या बहिणीकडे."

धाकटे अंगणात पाण्याची भांडी घासत होते. साडूला बघून हात पुसत उठले. "या दादा, बसा."

"बसत नाही." थोरले उभ्यानेच म्हणाले,  "जागा देशील का रे? माझं चुकलं. तुझ्यापुढे जायचं म्हणून नको तेवढी पिल्लं भरली. मरतायत."

 धाकट्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, हॅचरीला फोन कर, आपली पिल्लं पुढे ढकल! आणि टेम्पोची चावी दे!"

"तुझी बॅच अडेल," थोरले म्हणाले.

"अडू दे. पिल्लं काय, पुढच्या महिन्यातही मिळतात. चला, उन्हं उतरेपर्यंत पाण्याची सोय करू, मग हलवायला घेऊ."

संध्याकाळी दोघे साडू आणि दोघी बहिणी कोंबड्या धरत होते. पिंजरे भरत होते, टेम्पो जात होता, येत होता. थोरल्यांच्या शेडमध्ये हळूहळू जमीन दिसायला लागली. ओलं तूस त्यांनी फावड्याने बाहेर ओढलं, कोरडं पसरलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून दारांसमोर जुन्या साड्यांचं छत ताणलं, पुढे झाडांची रोपं लावली. छताखालची सावली बघून पहिली कोंबडी बाहेर आली, मग दुसरी, मग रांगच लागली. एकीने कोरड्या मातीत अंग लोटून दिलं आणि पंख पसरले. धाकटे हसले. थोरलेही हसले, आणि आपण साडूबरोबर हसतोय हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

मावशींना त्यांनी स्वतः सांगितलं, "हा माल त्या पाटीखाली लावू नका. साधा म्हणून विका. आमच्या हातून झालेली चूक गिऱ्हाइकाच्या पानात नको." भाव कमी आला. थोरल्यांनी तो मुकाट्याने घेतला. पुढची बॅच त्यांनी अटीप्रमाणे घेतली, आणि ट्रे मोजायला बायकोला उभं केलं.

हेवा एका दिवसात जातो असं नाही. सासूबाईंनी धाकट्यांचं कौतुक केलं, की थोरल्यांच्या पोटात अजूनही थोडं दुखतं. फरक इतकाच, की आता ते दुखणं ते स्वतःच सोसतात, दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलत नाहीत.

मंडळी, ही गोष्ट थोरल्यांची, पण त्यातली शेड आपल्यापैकी अनेकांकडे असते. कुणी वर्गात जास्त मुलं कोंबतो, कुणी गाडीत जास्त माणसं, आणि सगळेच म्हणतात, दार तर उघडं आहे! दार उघडं असून भागत नाही, तिथपर्यंत पोचायला जागा लागते. म्हणून पाळणाऱ्याने पिल्लं घेण्याआधी जमीन बघावी, आणि विकत घेणाऱ्याने पाटी वाचून थांबू नये. एकच प्रश्न विचारावा, "किती जागेत किती होत्या?" मुका जीव तो प्रश्न विचारू शकत नाही. त्याच्या वतीने तो आपणच विचारायचा असतो.