आत येतानाच वाजला

कारखान्यातून बाहेर पडताना घंटा वाजली असती, तर फिटरला आंघोळीला पाठवून कपडे ठेवून घेतले असते. तसं अधूनमधून होई. पण त्या सकाळी तो घरून येऊन किरणोत्सर्ग तपासणाऱ्या चौकटीतून आत जात होता, आणि चौकट वाजली. पहारेकऱ्याने पुन्हा जायला लावलं. पुन्हा वाजली.

"काय रे, थोडं घरी नेऊन ठेवलंस की काय?" रांगेतला एकजण म्हणाला. दोघे-तिघे हसले. पहारेकऱ्यालाही हाच प्रश्न पडला होता.

वीज करून झालेलं अणुइंधन या कारखान्यात येई. ते आम्लात विरघळवून कामाचं तेवढं काढून घेत. उरलेला जहाल कचरा काचेत ओतून ठेवत. फिटर अगदी आतल्या भागातले पंप दुरुस्त करी. अंगभर बंद पोशाख, आणि श्वासाला बाहेरून नळीने हवा. काचेतला कचरा कायमचा ठेवायला शेजारच्या टेकडीत भुयार खोदावं की नाही, यावर दुसऱ्याच दिवशी जनसुनावणी होती.

तासाभरात कारखान्याची गाडी फिटरला घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. सुरक्षा विभागाची तपासनीस मीटर घेऊन उतरली. समोरच्या खिडक्यांतले पडदे हलले. तिने गादी तपासली, बूट, दोरीवरचे कपडे, मुलीचं दप्तरसुद्धा. मीटर थंड. संडासात मात्र ते टकटकलं, आणि फिटरच्या छातीसमोर धरलं तेव्हा ताशा वाजावा तसं वाजलं.

"घरात काही नाही," ती म्हणाली. "यांच्या अंगात आहे."

"अंगात म्हणजे?" बायकोने विचारलं.

"श्वासातून गेलं असेल, नाहीतर दवाखान्यात काही दिलं असेल. काल कुठे गेला होतात?"

"कुठे नाही," फिटर म्हणाला.

"काल तुमची रजा होती."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "रजा? डबा भरून घेऊन गेलात की हो!"

एवढ्यात तिचा भाऊ जिना चढून आला. तो गाडी शिकवायचा वर्ग चालवी आणि भुयारविरोधी समितीचा चिटणीस होता. समोरचा चुकणारच असं धरून चालायचं, हे तो शिकाऊंना पहिल्या दिवशी सांगे. स्वतः तो गाडीतून उतरल्यावरही तसाच चाले.

"दाजी, आता तरी खरं बोला. आत काय सांडलं?"

फिटर खुर्चीवर बसला. "काही सांडलं नाही. काल दवाखान्यात गेलो होतो. हृदयाचा फोटो काढला. त्याआधी सुईतून किरणोत्सारी औषध देतात, ते वाजतंय."

"हृदयाचा?" बायको म्हणाली. "आणि मला पत्ता नाही?"

"छातीत जड वाटतंय मधूनमधून. तुला सांगितलं असतं तर तू कारखान्यात सांगितलं असतंस. मग आतलं काम बंद. त्या पोशाखात हृदयाच्या माणसाला सोडत नाहीत. भांडारात खिळे मोजत बसायचं."

तपासनीस बाईचा चेहरा सैल पडला. भावाने तो नेमका टिपला.

"ते औषध दिल्याची दवाखान्यात चिठ्ठी देतात," ती म्हणाली.

"फेकली. घरी सापडली असती ना."

"असू दे. त्या औषधाचा जोर दिवसभरात ओसरतो. उद्यापर्यंत काही वाजणार नाही."

भाऊ मोठ्याने हसला. "वा! उद्या सुनावणी, आणि उद्याच पुरावा हवेत!"

"दवाखान्यात विचारा."

"त्या दवाखान्याला नवा मजला कुणी बांधून दिला? तुमच्या कारखान्याने. कुंपण शेत खातंय का, हे मी कुंपणालाच विचारू?"

"लघवीचा नमुना नेतेय. औषध असेल तर संध्याकाळी कळेल."

"कळवणार कोण?"

"आम्हीच."

"झालं तर मग!"

"तुम्हाला कुठला पुरावा चालेल, तेवढं सांगा," ती वैतागून म्हणाली. बायको मध्येच बोलली.

"बाई, हे खरंच तुमच्या कारखान्यातलं असतं, तर तुम्ही आम्हाला आधी काय विचारलं असतं?"

तपासनीस बाईने मीटर बंद केलं. "हेच. दवाखान्यात गेला होतात का."

संध्याकाळी तिचा फोन आला. नमुन्यात दवाखान्यातलं औषधच निघालं होतं. फिटरचा अगदी आतल्या भागाचा पास मात्र रद्द झाला होता.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं. त्यांनी सांगितलं, तुम्ही सांगितलं. मी काय धरून चालू?"

"नवरा सांगतोय म्हणून धर."

"काल डबा भरून घेतला, तोही नवराच होता."

दुसऱ्या दिवशी तो भांडारातल्या कामावर गेला तेव्हा चौकट वाजली नाही. दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. मंचावर कारखान्याचे साहेब रांगेने बसले होते. तपासनीस बाईने काचेतला कचरा विरघळत नाही, झिरपत नाही, हे समजावून सांगितलं. कोळशाची राख रोज आपल्या छातीत जाते, तिच्यावर कुणी सुनावणी घेत नाही, असंही ती म्हणाली. मग भावाने माईक घेतला.

"काल माझे दाजी वाजले. आज वाजत नाहीत. एका रात्रीत माणूस साफ झाला! एका माणसाचा हिशेब ज्यांना देता येत नाही, ते टेकडीची हमी आपल्या नातवंडांना देणार?"

टाळ्या पडल्या. फिटर उठला. "मला बोलायचंय," असं म्हणत तो गर्दीतून वाट काढत निघाला. बायको जागेवरच बसून राहिली. तो आता कुणाच्या बाजूने काय बोलणार, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मंचाच्या पायऱ्यांवर तो मध्येच थांबला. त्याने कठडा धरला.

"बघा, पाय अडले! दबाव आहे दबाव!" कुणीतरी ओरडलं.

बायकोला त्याचा चेहरा बाजूने दिसत होता. ओठ पांढरे पडले होते. डावा हात तो छातीपाशी धरून होता, आणि तो हात कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने सभेकडे पाठ वळवली होती. ती खुर्च्या सारत धावली. मंचावरच्या कडेच्या साहेबांना तिने दंडाला धरून उठवलं, त्यांची खुर्ची ओढून पायऱ्यांपाशी आणली आणि नवऱ्याला तीत बसवलं.

"अहो, बोलू नका. काही बोलू नका." मग वर पाहून, "दादा, तो माईक ठेव आणि गाडी काढ. यांना खरंच होतंय."

"तायडे, आधी बघू तरी–"

"मी बघितलंय!"

भावाच्या हातात माईक तसाच होता. मागच्या रांगेतून आवाज आला, "नाटक छान बसवलंय हो कारखान्याने. बायकोसकट!"

हशा पिकला. भावाने आवाज ओळखला. समितीचाच माणूस होता. आज त्याला घरून उठवून भावानेच आणलं होतं.