घड्याळाशेजारचा म

कळंबच्या बाजारपेठेत ज्ञानोबाकाकांच्या छापखान्यात त्या शुक्रवारी सकाळपासून एका अक्षराचा शोध चालला होता. कम्प्युटरच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाला चिकटून, एक बारका चौकोन असायचा आणि त्यात 'म' असायचा. त्याच्यावर टिचकी मारली की मराठी उमटायचं, पुन्हा मारली की इंग्रजी. मराठी टायपिंगच्या त्या प्रोग्रॅममधलं काकांना एवढंच कळायचं, अन् एवढ्यावर त्यांची अठरा वर्षं निभली होती. काल रात्री कम्प्युटरनं आपलं आपण काहीतरी नवं भरून घेतलं, आणि सकाळी बघतात तर म गायब.

एरवी काकांनी दोन शिव्या हासडल्या असत्या आणि शटर ओढून जेवायला घर गाठलं असतं. पण आजची पत्रिका नातीच्या लग्नाची होती. शिवांजली एवढीशी होती तेव्हापासून काका तिला सांगत आले होते, तुझी पत्रिका मीच लावणार. तिच्या आईची त्यांनी शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून जुळवली होती. आता पहिली पत्रिका येरमाळ्याला येडेश्वरीच्या पायाशी ठेवायची, ती आजच. जावई अमरसिंह चार वाजता गाडी घेऊन येणार, नवऱ्या मुलाकडचे व्याही परस्पर देवळात येणार. मजकूर काल लागला होता, निमंत्रकांची नावं तेवढी राहिली होती. समोरच्या फ्लेक्सवाल्यानं ती दहा मिनिटांत घालून दिली असती. शिवांजली फोनवर तसं म्हणालीसुद्धा, राहू द्या आजोबा, कशाला त्रास. तिच्या मनात काही नव्हतं, पण काकांना ते लई लागलं. म्हाताऱ्या माणसाला हे 'राहू द्या' फार जिव्हारी लागतं.

त्यांनी कम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला. प्रोग्रॅमच्या चित्रावर टिचक्या मारल्या, तर पाटी आली की हा आधीच चालू आहे. चालू आहे म्हणतोय आणि दिसत नाही, म्हणजे काय भूत आहे का काय? शेजारच्या मोबाईलवाल्यानं येऊन बघितलं आणि सगळं काढून नव्यानं टाकावं लागेल म्हणाला. नव्यानं टाकायची सीडी कुठल्या दिवाळीच्या साफसफाईत गेली, ते देवाला माहीत. दोन वाजून गेले.

कस्तुराबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचं तोंड बघितलं, डबा ठेवला आणि पदराच्या गाठीतून नव्हे, सरळ मोबाईलमधून एक नंबर काढून पुढं धरला. सिद्धलिंगचा.

काकांनी मान फिरवली. सिद्धलिंग हे नाव या दुकानात वीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. बाईंना मात्र तो दर दिवाळीला फोन करायचा, हे काकांना आज कळलं.

खिळ्यांच्या काळात सिद्धलिंग त्यांच्याकडं खिळे जुळवणारा जुळारी होता. हात असा, की बोलता बोलता न बघता खणातून खिळा उचलायचा. दुपारी ट्रेडल मशीन थांबलं की दोघं एका डब्यात जेवायचे, शाईच्या हातानं. काय दिवस होते ते! मग एका पत्रिकेत ईट गावच्या ईरण्णा मालकांच्या नावामागं 'कै.' पडलं. जिता माणूस कैलासवासी! मालक स्वतः दुकानात आले, बाकावर बसले, चहा प्याले आणि म्हणाले, मेलेला माणूस आलाय, जरा बघून घ्या. दुकानभर गिऱ्हाईक उभं होतं. काकांनी सिद्धलिंगकडं बोट दाखवलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. त्याच्या घरात तेव्हा तीन महिन्यांचं लेकरू होतं.

आता तो पुण्यात अशाच कुठल्या टायपिंगच्या प्रोग्रॅमचं काम बघत होता.

शेवटी काकांनी फोन हातात घेतला. पलीकडून सिद्धलिंगनं आधी तब्येत विचारली, मग अडचण, आणि सगळं ऐकून घेऊन सावकाश म्हणाला, "ते कुठं गेलं न्हाय, काका. घड्याळाच्या डाव्या अंगाला वर तोंड केलेला बारका बाण हाय बघा. दाबा त्याला."

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. बाण होता. दाबला तसा एक छोटा खण उघडला. आत चार-पाच चित्रं दाटीवाटीनं बसलेली, आणि मधोमध म. सिद्धलिंगनं त्याला माउसनं धरून खाली ओढायला आणि घड्याळापाशी सोडायला सांगितलं. म जागेवर येऊन बसला. कस्तुराबाईंनी येडाईच्या नावानं हात जोडले.

काम झालं होतं. आभार मानून फोन ठेवता आला असता, पण काकांनी ठेवला नाही.

"सिद्धलिंग, ते कै. तू लावलं नव्हतंस. म्या लावलं होतं."

"ठावं हाय मला."

"कधीपासनं?"

"त्याच दिवशी. त्या पत्रिकेआधीच्या वर्षश्राद्धाच्या कार्डातले कै.चे खिळे तुमच्याच फर्म्याच्या चौकटीत राहिले होते. मोडून खणात टाकायचे इसरले होते तुम्ही."

"मग बोलला का न्हाईस, गाढवा?"

"गिऱ्हाईक उभं होतं, काका. दुकानावर पाटी तुमच्या नावाची होती."

कस्तुराबाई पाण्याचा तांब्या भरायचं निमित्त काढून बाहेर गेल्या. मग काकांनी नाक ओढलं आणि जरा दरडावूनच म्हणाले, फोन ठिवू नको, प्रूफ वाचायचंय. पूर्वी असंच चालायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रत्येक नावाला 'ठीक' म्हणायचं, मगच मशीन चालवायचं.

काका एकेक नाव टाईप करत गेले आणि मोठ्यानं वाचत गेले. श्री. अमरसिंह, मुलीचे वडील. ठीक. सौ. कस्तुराबाई. ठीक. मधेच सिद्धलिंगनं एकाचं नाव आल्यावर जिते हायत ना ते, असं विचारून घेतलं आणि दोघंही हसले. चुलते, मामा, आत्याचे यजमान, सगळे झाले. एक ओळ उरली. ती काकांनी न विचारता भरली आणि वाचली.

"श्री. सिद्धलिंग महादप्पा तोडकर."

पलीकडून 'ठीक' आलं नाही. काका फोन कानाला धरून बसले. अमरसिंहांची गाडी दुकानापुढं येऊन उभी राहिली, त्यांनी हॉर्नही वाजवला. काकांनी हातानंच त्यांना थांबायला सांगितलं.